आधी कूस, डोकं शेवटी

जमलं! मंगळवारी रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना जमलं. पोहण्याच्या बंद तलावाच्या खोल टोकाला मी पाण्याखाली उलटी लोंबकळत होते, कयाक माझ्यावर पालथी पडली होती, आणि पुढच्या क्षणी मी पाण्याच्या वर होते. बोटीतच, सरळ बसलेली. जोर लागला नाही, धडपड झाली नाही. छताचे दिवे दिसले, क्लोरीनचा वास आला, डाव्या कानातलं पाणी कोमट होऊन मानेवर ओघळलं आणि काठावर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. त्यानंतर मी काय केलं असेल? लगेच पुन्हा उलटले. ते खरंच झालं होतं का, हे बघायचं होतं. खरंच झालं होतं!

घरी पोचले तेव्हा बाहेर उणे नऊ होतं, केसांची टोकं कडक झाली होती. दारातूनच मुलाला ओरडून सांगितलं, आणि ओल्या केसांनीच वाईला फोन लावला. तिथे बुधवारची सकाळ झाली होती. दादा अंगणात होता, मागे कावळे ओरडत होते. "दादा, जमलं रे!" एवढंच मला बोलता आलं. तो म्हणाला, "डोकं शेवटी आलं ना?" हो दादा, डोकं शेवटी आलं. सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य अंगात उतरायला मला सहा आठवडे लागले. आता ते कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय, म्हणून हे लिहायला बसले आहे.

कयाक म्हणजे एकट्या माणसाची, निमुळती, वरून झाकलेली होडी. आत बसलं की पाय पुढे पसरलेले असतात, पावलं आतल्या टेकूवर, गुडघे आणि मांड्या वरच्या बाजूने बोटीला चिकटलेल्या. कमरेभोवती रबरी कापडाचा स्कर्ट, त्याची कड बोटीच्या तोंडाला खोबणीत घट्ट बसते आणि पाणी आत येत नाही. त्यामुळे बोट हे वेगळं वाहन राहत नाही. ते कमरेखालचं तुमचं अंगच होतं. ही अरुंद बोट कधी ना कधी उलटतेच. उलटल्यावर दोन रस्ते असतात. स्कर्टच्या पुढचा पट्टा ओढायचा, बाहेर निसटायचं आणि पाण्याने भरलेली बोट ओढत काठ गाठायचा. नाहीतर आत बसूनच, वल्ह्याच्या मदतीने, बोटीसकट पुन्हा सरळ व्हायचं. या दुसऱ्याला रोल म्हणतात.

स्टेट कॉलेजला मला हे सुचावं याचं कारण पाणी नाही; पाण्याची भूक आहे. पेनसिल्व्हेनियाच्या मधोमध, माउंट निटनीच्या पायथ्याशी वसलेलं हे विद्यापीठाचं गाव. खाली सगळी चुनखडी, त्यामुळे पाऊस जमिनीत मुरतो आणि मैलोगणती दूर कुठेतरी झरा होऊन वर येतो. गावातून वाहणारी, घाट बांधावा अशी नदी नाही. मी वाईची. आमच्याकडे नदी घराच्या हिशेबात असते. पूर ढोल्या गणपतीच्या पायरीला लागला का, हे पावसाळ्यात माणसं जेवणाआधी विचारतात. पाठीला डबा बांधून मला विहिरीत ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि दोन उन्हाळ्यांनी कृष्णेत पोहत होते. इथे येऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी मार्च-एप्रिलमध्ये गाड्यांच्या टपांवर बांधलेल्या लाल-पिवळ्या कयाक बघत होते आणि त्या कुठे जातात हे मला माहीत नव्हतं. त्या जात होत्या बाल्ड ईगल क्रीकला, पेन्स क्रीकला, बेलफॉन्टकडे वाहणाऱ्या स्प्रिंग क्रीकला, आणि कोळशाच्या जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या लोहाने तांबूस झालेल्या रेड मोशॅननला. बर्फ वितळलं की इथले ओढे नद्या होतात! आणि त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, ही सगळी मंडळी पोहण्याच्या तलावात बोटी उतरवून उलटं व्हायला शिकतात. हे कळलं त्या आठवड्यातच मी नाव दिलं.

पहिल्या रात्री रोल शिकवतच नाहीत. पहिल्या रात्री उलटं होऊन बाहेर पडायला शिकवतात. आमच्या शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आसपासच्या आहेत, खांदे गवंड्यासारखे, आवाज मऊ. त्यांनी सांगितलं, "उलटी झालीस की लगेच पट्ट्याला हात घालायचा नाही. आधी बोटीच्या तळावर तीन थापा मार. मग बाहेर ये." नदीवर त्या तीन थापांचा अर्थ "मला मदत करा" असा होतो. दुसरा कयाकवाला येऊन स्वतःच्या बोटीचं टोक तुमच्या हाताशी देतो आणि ते धरून तुम्ही सरळ होता. पण पहिल्या रात्री या थापांचा फायदा वेगळाच असतो. पाण्याखाली उलटं असताना तीन थापा मारायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात मनाला कळतं की वेळ आहे. घाई नाही. श्वास आहे. नाकाला चिमटा आहे. तिसऱ्या थापेपर्यंत माझ्या छातीतली धडधड खाली आली होती आणि मी डोळे उघडून निळ्या फरशा बघत होते, ज्या माझ्या डोक्याच्या दिशेला होत्या.

मग खरं शिक्षण सुरू झालं, आणि खरी चूकही. उलटलेला माणूस काय करतो? हवा वर असते, तोंडाला हवा हवी असते, म्हणून डोकं वर काढतो. हात खाली दाबतो आणि डोकं वर काढतो. मी पट्टीची पोहणारी, हातांत जोर, तेव्हा मी तर जिवाच्या आकांताने वल्हं खाली दाबलं. डोकं वर आलं, अर्धा श्वास मिळाला आणि बोट मला पुन्हा खाली घेऊन गेली. पुन्हा जास्त जोर, पुन्हा अर्धा श्वास, पुन्हा खाली. जितका जोर वाढवावा तितकं ते वाईट होत होतं. हे असं का होतं, याने मी दोन आठवडे बेचैन होते. उत्तर कळलं तेव्हा मला नाचावंसं वाटलं, इतकं ते सुंदर आहे.

पाण्यात असताना तुमच्या धडाला जवळपास वजन नसतं. फुफ्फुसात हवा असते, अंगात जाकीट असतं, पाणी तुम्हाला उचलून धरतं. वजन सुरू होतं ते पाण्याबाहेर आल्यावर. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पाण्याबाहेर काढलं की ते पाच किलो कुणीतरी उचलायला हवेत, आणि त्या क्षणी उचलणारं काहीच नसतं. बोट अजून आडवी आहे, तिचा टेकू नाही. उलट, रिकामी बोट कुशीवरून सरळ करायला काहीच लागत नाही, तिचा तळच तिला तसं करायला मदत करतो. म्हणजे क्रम उघड आहे. अंग पाण्यात असेपर्यंत, पाणी फुकट वजन पेलतंय तोपर्यंत, आधी बोट सरळ करून घ्यायची. मग सरळ झालेल्या बोटीवर कमर, मग छाती, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी डोकं. घरातली सगळ्यात जड वस्तू ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढवतात. इथे जड डोकं सगळ्यात शेवटी!

आणि त्याहून मोठी गोष्ट तर शरीराच्या रचनेतच आहे. आत्ता खुर्चीवर बसल्या जागी करून बघा. उजवा कान उजव्या खांद्याकडे झुकवा आणि त्याच वेळी उजवा कुल्ला खुर्चीवरून किंचित उचला. सहज होतं, कारण दोन्ही कामं एकच कूस करते. बरगड्यांच्या खालची, कमरेच्या बाजूची उजवी कूस आखडली की वरून डोकं उजवीकडे येतं आणि खालून गुडघा वर येतो. आता डोकं डावीकडे नेऊन उजवा कुल्ला उचलून बघा. अंग भांडायला लागतं. रोलमध्ये उजवीकडून वर यायचं असेल तर बोटीची पाण्यात बुडालेली उजवी कड वर उचलायची असते, आणि ती उचलतो उजवा गुडघा. मी हवेसाठी डोकं वर, म्हणजे डावीकडे, खेचत होते. त्याबरोबर माझी डावी कूस आखडत होती, डावा गुडघा वर येत होता आणि मी माझ्याच गुडघ्याने माझी बोट पुन्हा उलटवत होते. प्रत्येक वेळी! मला बुडवणारी मीच होते, आणि जितकी घाबरून हवेकडे धावत होते तितकी जास्त.

इंग्रजीत या कमरेच्या हालचालीला हिप स्नॅप म्हणतात, आणि त्या शब्दाने मला आणखी आठवडाभर चकवलं. स्नॅप म्हटल्यावर मला झटका वाटला, हिसका वाटला. मी झटके देत होते आणि पाठ भरून येत होती. मग एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मराठी शब्द सुचला आणि मी उठून बसले. कूस बदलणं! झोपेत आपण रोज करतो ते. मुलगा पाच महिन्यांचा असताना पहिल्यांदा पालथा पडला, तो दुपारचा प्रसंग मला लख्ख आठवला. आधी एक पाय दुसऱ्यावरून गेला, मग ढुंगण वळलं, पोट वळलं, हात खाली अडकला, आणि शेवटी मोठ्या कष्टाने ते एवढंसं डोकं फिरलं. आपण सगळे एकदा हे शिकलेले आहोत. माझा मुलगा तरी डोकं आधी उचलून पालथा पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादाला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "अगं, मग तुला अढीच घालायची आहे." दादाने तरुणपणी दहा वर्षं मल्लखांब केला. मीही व्यायामशाळेत दोन वर्षं दोरीवर लटकले होते, पण विसरले होते. मल्लखांबाच्या अगदी पहिल्या पाठात, साध्या अढीत, हातांनी खांब धरून पाय वर न्यायचे आणि मांड्यांनी खांब आवळून उलटं राहायचं. नवा मुलगा हातांच्या जोरावर स्वतःला वर ओढतो आणि थकतो. वस्ताद ओरडतात ते हातांसाठी नाही, कमरेसाठी. कंबर खांबाशी गेली की पाय आपोआप जातात आणि हात मोकळे होतात. दादा म्हणाला, "उलटं असताना मान सोडायला शिकायला मला एक वर्ष लागलं. मान ताठ ठेवली की कंबर बांधली जाते." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून मान सोडायचा सराव केला. एवढं जुनं ज्ञान आमच्या घरात होतं!

मल्लखांबाची परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपर्यंत जाते, हे आपल्याकडे व्यायामशाळेतल्या कुठल्याही मुलाला माहीत असतं. मला नवं कळलं ते वेगळंच. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं आणि तिथे त्यांनी भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले, त्यात मल्लखांब होता. आणि कयाकच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी पहिल्यांदा झाल्या त्याही 1936 ला, बर्लिनलाच. एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात! त्यांची एकमेकांशी गाठ पडली असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या अंगात मात्र ते दोघे भेटले.

तलावाच्या काठाशी घेतलेला तो धडा सांगायलाच हवा, कारण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तोच. वल्हं बाजूला ठेवायचं. बोट काठाला लावायची, दोन्ही हात काठावर ठेवायचे, आणि अंग बाजूला पाण्यात सोडून बोट स्वतःवर जवळजवळ पालथी ओढून घ्यायची. आता फक्त गुडघ्याने आणि कुशीने बोट सरळ करायची, गाल हातांवर टेकलेला ठेवून. बाईंनी स्वतःचा तळवा माझ्या हातांच्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं वजन मला जाणवता कामा नये." पहिल्या वेळी त्यांचा हात दबून पांढरा पडला. विसाव्या वेळी त्या म्हणाल्या, "हं." चाळिसाव्या वेळी त्यांनी हात काढून घेतला होता आणि मला कळलंही नव्हतं. बोट सरळ होत होती, पालथी होत होती, सरळ होत होती, आणि माझा गाल गार फरशीवर निवांत पडला होता. ज्याला कुणाला रोल शिकायचा आहे त्याने वल्हं हातात घेण्याआधी एक अख्खी संध्याकाळ यात घालवावी. मी दोन आठवडे वाचवले असते.

तर मग वल्ह्याचं काम काय? मला वाटत होतं की वल्हं म्हणजे तरफ, त्यावर भार टाकून वर यायचं. वल्हं फक्त एवढंच करतं: कूस वळेपर्यंत अंगाला पाण्याच्या पृष्ठभागाजवळ ठेवतं. उलटण्याआधी पुढे वाकून, छाती बोटीच्या पाठीकडे, म्हणजे वरच्या झाकलेल्या भागाकडे, आणून, वल्हं डाव्या कडेला बोटीला समांतर धरायचं. पुढे वाकण्याचे दोन फायदे: खडकाळ ओढ्यात चेहरा वाचतो, आणि सुरुवातीची जागा दर वेळी तीच राहते. मग डावीकडे उलटायचं. पाण्याखाली गेल्यावर मनगटं पाण्याबाहेर, हवेत गेल्याची थंडी जाणवेपर्यंत वर रेटायची. मग उजवं पातं बोटीच्या टोकापासून बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या वरच्या थरावरून, एका मोठ्या कमानीत फिरवायचं. पात्याची पुढची कड अगदी किंचित उचललेली हवी.

ही किंचित उचललेली कड मला घावनावरून समजली. तव्यावर पीठ पसरताना पळीचा तळ कसा धरतो आपण? कड खाली गेली की पळी पिठात रुतते आणि घावन फाटतं. कड फार उचलली तर पीठ पसरतच नाही. मधला एक कोन असतो जिथे पळी तरंगत जाते, आणि तो कोन मनगटाला माहीत असतो, बुद्धीला नाही. पातंही तसंच. कड खाली गेली की ते तळाकडे सूर मारतं आणि तुम्हाला घेऊन जातं. एसटीच्या खिडकीतून लहानपणी हात बाहेर काढून तळवा थोडा तिरका केला की वारा हात वर उचलायचा, आठवतं? वाऱ्याच्या जागी पाणी ठेवा. पातं पृष्ठभागावर चढत राहतं, वजन पेलतं थोडंसंच, पण त्या थोड्याशा आधारात कूस वळून घेते. मी तेव्हापासून रविवारी घावनं करताना डोळे मिटून पळी फिरवते.

एक गोष्ट मात्र सावधपणे सांगते, कारण उत्साहात ती निसटू नये. कोपर खांद्याच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि हात डोक्याच्या मागे नाही. हात लांब आणि उंच गेला, पाण्याचा जोर पात्यावर आला की तो सगळा ताण खांद्याच्या सांध्यावर येतो आणि खांदा निखळू शकतो. म्हणून हात फिरवायचा नाही, धड फिरवायचं. छाती आणि वल्हं यांची चौकट जशीच्या तशी ठेवून कमरेपासून वळायचं. नजर पात्यावर ठेवायची. नजर पात्यावर असली की छाती तिकडेच वळते, आणि गंमत म्हणजे डोकंही आपोआप खालीच राहतं! एका नजरेने दोन कामं.

हे सगळं शोधलं कुणी? ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांनी, आणि गरजेपोटी. वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं, ते शिवणाऱ्या घरच्या बायका. बोट ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने केलेली. सीलच्या कातड्याचा झगा चेहऱ्याभोवती, मनगटांभोवती आणि बोटीच्या तोंडाभोवती आवळलेला. त्या बर्फाळ समुद्रात बोटीबाहेर पडणं म्हणजे मरण. म्हणून आतूनच सरळ व्हायचं. भाल्याच्या दोरीत हात अडकला तर? एका हाताने. वल्हं हरवलं तर? भाला फेकायच्या लाकडी फळीने, नाहीतर नुसत्या तळव्याने. आजही ग्रीनलंडच्या राष्ट्रीय कयाक स्पर्धेत तीसहून जास्त प्रकारचे रोल करून दाखवावे लागतात, आणि त्यात एक हातात दगड धरून करायचा असतो. दगड! तो तर खालीच ओढणार. मी हे वाचलं तेव्हा मला सगळ्यात पक्की खूण पटली. हातात दगड घेऊन माणूस वर येऊ शकतो, तर वर आणणारा हात नाहीच.

युरोपीय लोकांत पहिल्यांदा हे जमलं ऑस्ट्रियाच्या एडी हान्स पावलाटा यांना, 1927 मध्ये. समोर शिकवणारं कुणी नाही, प्रवासवर्णनांत वाचलेलं तेवढंच हाताशी. त्यांच्या पद्धतीच्या रोलला आजही पावलाटा रोल म्हणतात. त्यात एका हाताने पात्याचं टोक धरतात, म्हणजे वल्हं लांब होतं. पुस्तकावरून एकट्याने! मला तर काठावर बाई होत्या आणि फोनवर दादा. त्यानंतर काही वर्षांनी ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स 1930-31 च्या मोहिमेत ग्रीनलंडवासीयांकडूनच रोल शिकले, सीलची शिकार करायला लागले, आणि 1932 च्या ऑगस्टमध्ये एकटेच कयाक घेऊन गेले ते परत आले नाहीत. पंचवीस वर्षांचे होते. त्यांची रिकामी बोट सापडली. हे वाचल्यापासून मी पाण्यावर एकटी जात नाही आणि जाणारही नाही.

1927 हे साल माझ्या डोक्यात अडकून बसलं, कारण ते दुसरीकडे ऐकलं होतं. रायगड जिल्ह्यातलं भिऱ्याचं वीजघर त्याच वर्षी सुरू झालं. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याला येतं, वीज करतं आणि पुढे कुंडलिकेत सोडलं जातं. ज्या धरणाखाली मावळातली गावं गेली आणि ज्याच्याविरुद्ध 1921 पासून सेनापती बापट आणि शेतकरी सत्याग्रहाला उभे राहिले, त्याच धरणाचं हे पाणी. त्या पाण्यामुळे कुंडलिका कोरड्या महिन्यांतही सकाळी फेसाळते, आणि कोलाडला तिच्यावर आज तराफे आणि कयाक चालतात. वाईहून महाबळेश्वर ओलांडलं की कोकण, मग काही तासांवर कोलाड. मी लहानपणापासून त्या रस्त्याने अलिबागला मामाकडे गेले आहे आणि पुलाखाली बघितलं नाही.

मेच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही स्टोन व्हॅलीला गेलो. गावापासून अर्ध्या तासावर, शेव्हर्स क्रीक अडवून केलेला विद्यापीठाचा 72 एकरांचा तलाव आहे तिथे, लेक पेरेझ. धरणाच्या दुरुस्तीसाठी तो काही वर्षं रिकामा होता, 2014 मध्ये पुन्हा भरला. चहूबाजूंनी झाडी, पालवी इतकी कोवळी की तिचा रंग हिरव्यापेक्षा पिवळ्याला जवळचा. पोहण्याच्या तलावात पाणी कोमट आणि काचेसारखं असतं. इथे ते काळसर होतं आणि थंडीने कपाळात कळ आली. उलटी झाल्यावर खाली फरशा नव्हत्या, हिरवा-तपकिरी अंधार होता. आणि माझं शरीर, पाचशेवर रोल केलेलं शरीर, एका क्षणात हवेकडे धावलं. डोकं आधी. अर्धा श्वास, आणि पुन्हा खाली.

तिथे, त्या अंधारात, मला तीन थापा आठवल्या. मी त्या मारल्या नाहीत, मनात मोजल्या. एक. पुढे वाकले, कपाळ बोटीच्या पाठीकडे. दोन. मनगटं वर रेटली, हवेची थंडी लागली. तीन. मान सोडली. पातं निघालं, पळीसारखं, वरच्या थरावरून, त्याच्या मागे माझी नजर, नजरेमागे छाती. उजवा गुडघा वर आला. बोट माझ्याखाली सरकत आली ते मला मांडीला कळलं. अजून माझा गाल पाण्यावरच होता, उजव्या कानात तळ्याचा आवाज घुमत होता, आणि बोट सरळ झालेली होती! मग कूस, मग खांदा, मग मी. आकाश. एक खंड्या किलकिलाट करत काठाकाठाने गेला.

उजवी बाजू झाली. डावी अजून यायची आहे, आणि तिथे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण डाव्या कुशीला यातलं काहीच माहीत नाही. बाई म्हणतात, दोन्ही बाजू आल्याशिवाय ओढ्यावर नेणार नाहीत. वाहतं पाणी तुम्हाला कुठल्या कुशीवर टाकेल ते विचारत नाही. स्प्रिंग क्रीकचं पाणी झऱ्यांचं, हिवाळ्यात सहसा गोठत नाही आणि उन्हाळ्यात फार तापत नाही. तिथे मला जूनअखेर उतरायचं आहे.

डिसेंबरमध्ये मी वाईला जाते आहे. दादा एकसष्टचा झाला, मल्लखांब सुटून तीस वर्षं झाली, पण परवा व्हिडिओवर त्याने ओटीवर पाट ठेवला, त्यावर बसला, उजवा कान खांद्याकडे नेला आणि पाटाची कड उचलून दाखवली. हात मांडीवर, सैल. मान सोडलेली. वहिनी मागून म्हणाली, "अहो, पाट मोडेल." एकसष्ट वर्षांच्या त्या कमरेत ते सगळं अजून आहे! त्याने कोलाडला कुठे, कोण, किती वाजता पाणी सोडतात, सगळं विचारून ठेवलं आहे. नाकाचे चिमटे मी दोन घेतले आहेत.